भाव स्वतः पाडा, कागद दलालाला द्या

दलाल दोन्हीकडून कमिशन खातो म्हणून त्याला टाळाच, हे म्हणणं जुन्या गाडीच्या बाबतीत मला अर्धंच पटतं. भाव आपणच पाडावा. झिजलेले टायर, घसरणारा क्लच दाखवला की मालक नरमतो. (गाडी आवडल्याचं चेहऱ्यावर दिसू देऊ नका!) खरी कटकट आरटीओच्या कागदांची. आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणी पत्रावर, कर्जाचा बोजा असेल तर तो उतरवायला फॉर्म ३५ आणि बँकेची एनओसी (ना-हरकत पत्र), शिवाय गाडी नावावर करायला फॉर्म २९ आणि ३०. त्या धावपळीचे पैसे दलालाने खुशाल घ्यावेत, पण रक्कम आधी ठरवून आणि आरसी हातात पडेपर्यंत त्यातली थोडी राखून. 'नो क्लेम बोनस (विम्याचा दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) गाडीबरोबर मिळेल' ही मात्र थाप. तो जुन्या मालकाचा असतो. विमा नावावर करायचा अर्ज १४ दिवसांत द्या.