मदत हवी आहे : समुपदेशनाच्या एम.ए.मधून विद्यार्थी कामासाठी तयार होतात की नाही, हे कसे तपासावे?

नमस्कार.

एका महाविद्यालयात समुपदेशन मानसशास्त्राचा दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम चालतो. तेथून बाहेर पडणारे बरेचसे विद्यार्थी शाळांमध्ये समुपदेशक म्हणून लागतात, तर काही जण मानसोपचारतज्ज्ञांकडे किंवा स्वयंसेवी संस्थांमध्ये काम करतात. या अभ्यासक्रमाचे मूल्यमापन करण्यासाठी नेमलेल्या समितीत मी आहे आणि मूल्यमापनाची पद्धत आखण्याचे काम माझ्याकडे आले आहे. शिकवणाऱ्या, सुपरव्हिजन (म्हणजे शिकाऊ समुपदेशकाच्या कामावर अनुभवी व्यक्तीची देखरेख व मार्गदर्शन) देणाऱ्या आणि प्रत्यक्ष शाळांत काम करणाऱ्या मंडळींचे मार्गदर्शन हवे आहे.

आजवर मूल्यमापन म्हणून तीनच गोष्टी पाहिल्या जात होत्या : विद्यापीठाचा निकाल, सत्राच्या शेवटी भरून घेतलेले अभिप्राय आणि किती जणांना नोकरी मिळाली याचा आकडा. महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅक या संस्थेच्या फायलीसाठी एवढे पुरते. परंतु समोर रडत बसलेल्या आठवीतल्या मुलीशी हा विद्यार्थी नीट बोलू शकेल का, याचे उत्तर या तिन्हींपैकी एकातही सापडत नाही.

हे काम आता लांबणीवर टाकण्यासारखे राहिलेले नाही. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये दिलेल्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार शंभर किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांनी किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमणे अपेक्षित आहे, आणि त्याला बालक-किशोरांच्या मानसिक आरोग्याचे प्रशिक्षण असावे, असेही त्यात म्हटले आहे. म्हणजे मागणी वाढणार, आणि पदवी हातात असलेल्या कोणालाही ‘पात्र’ समजून नेमले जाण्याची भीतीही वाढणार.

तुलनेसाठी मी अमेरिकेतील व्यवस्था पाहिली. तेथे १९८१ पासून ‘कॅक्रेप’ ही संस्था समुपदेशनाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमांना मान्यता देते. तिच्या निकषांनुसार विद्यार्थ्याला आधी १०० तासांचे प्रॅक्टिकम (देखरेखीखालचा प्राथमिक सराव) करावे लागते, ज्यातले किमान ४० तास क्लायंटसोबतच्या, म्हणजे समुपदेशनासाठी आलेल्या व्यक्तीसोबतच्या, थेट कामाचे असतात. त्यानंतर ६०० तासांची इंटर्नशिप असते आणि तीत २४० तास थेट कामाचे असतात. या साऱ्या काळात दर आठवड्याला सुपरव्हिजन बंधनकारक आहे. शिवाय मान्यताप्राप्त अभ्यासक्रमांना किती विद्यार्थी शिक्षण पूर्ण करतात, व्यावसायिक परीक्षेत किती उत्तीर्ण होतात आणि किती जणांना काम मिळते, हे जाहीर करावे लागते. ही पारदर्शकता आपल्याकडेही यावी, असे मला मनापासून वाटते. मात्र तास मोजणे सोपे असते. त्या तासांत काय घडले, हे कळणे अवघड असते.

याचा प्रत्यय विद्यार्थ्यांची लॉगबुक, म्हणजे प्रत्यक्ष कामाच्या नोंदवह्या, वाचताना आला. एका वहीत सलग अनेक नोंदींखाली एकच वाक्य होते : ‘क्लायंटशी रॅपो प्रस्थापित केला’, म्हणजे विश्वासाचे नाते जोडले. मुलाने काय सांगितले, विद्यार्थी कोठे अडला, सुपरव्हायझरने काय सुचवले, यातले काहीही नव्हते, आणि प्रत्येक पानावर सही मात्र होती. तास पूर्ण झाले होते, म्हणून गुणही पूर्ण मिळाले होते. यात त्या विद्यार्थ्याचा दोष मला फारसा वाटत नाही, कारण वही कशी लिहायची हे त्याला कोणी शिकवलेच नव्हते.

विद्यार्थ्यांनी स्वतःच भरलेल्या आत्मविश्वासाच्या प्रश्नावल्यांवरही माझा पूर्ण भरवसा बसत नाही. पहिल्या सत्रात ‘मला चांगले ऐकता येते’ या विधानाला भरभरून गुण देणारा विद्यार्थी, ऐकणे म्हणजे काय हे खरोखर उमगल्यावर शेवटच्या सत्रात स्वतःला कमी गुण देऊ शकतो. कागदावर ती अधोगती दिसते, प्रत्यक्षात तीच प्रगती असते.

त्यामुळे मूल्यमापनाचा मुख्य भार प्रत्यक्ष निरीक्षणावर असावा, असे माझे मत झाले आहे. खऱ्या सत्रांचे रेकॉर्डिंग हा एक मार्ग आहे, पण अल्पवयीन मुलांच्या बाबतीत पालकांची संमती, मुलाची स्वतःची इच्छा आणि गोपनीयता पाहता मला तो धोक्याचा वाटतो. दुसरा मार्ग वैद्यकीय शिक्षणातला आहे. रोनाल्ड हार्डन यांनी १९७५ मध्ये स्कॉटलंडमधील डंडी येथून मांडलेल्या परीक्षापद्धतीत विद्यार्थी एकामागून एक ठरलेल्या प्रसंगांना सामोरा जातो आणि प्रत्येक ठिकाणी आधीच निश्चित केलेल्या निकषांवर त्याला गुण मिळतात. तशाच धर्तीवर नाटकाची जाण असलेल्या प्रौढ कलाकारांकडून क्लायंटची भूमिका करवून घेऊन काही प्रसंग मराठीतून घ्यावेत, असा विचार आहे. आमच्याकडे सराव बहुतांशी इंग्रजीतून होतो आणि काम मात्र मराठीतून करायचे असते. एका प्रसंगात मुलगी लैंगिक अत्याचाराबद्दल सांगते आणि ‘कुणाला सांगणार नाही ना?’ असे विचारते. बालकांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार माहिती कळवणे बंधनकारक असल्याने खोटे वचन न देता तिचा विश्वास कसा टिकवायचा, हे तेथे दिसेल. दुसऱ्या प्रसंगात वर्गशिक्षिका ‘ती तुमच्याशी काय बोलली?’ असे सहज विचारतात.

शालेय समुपदेशकाचे निम्मे काम अशा मोठ्या माणसांशीच असते, आणि आमचा अभ्यासक्रम त्याबद्दल जवळजवळ गप्प आहे. शाळेत नव्या समुपदेशकाला ऑफ तासाला वर्गावर पाठवले जाते आणि गोंगाट करणाऱ्या मुलांना ‘समज देण्यासाठी’ त्याच्याकडे धाडले जाते. म्हणूनच मुख्याध्यापकांचे मत कसे घ्यावे, हा मला सर्वांत कठीण प्रश्न वाटतो. शिस्त लावणाऱ्यालाच ते उत्तम समुपदेशक म्हणाले, तर त्या अभिप्रायाला किती वजन द्यायचे?

असे नियोजित प्रसंग कोणी परीक्षेसाठी वापरले आहेत का, आणि दोन परीक्षकांच्या गुणांत मोठी तफावत आली तेव्हा काय केले, हे कृपया लिहावे. माजी विद्यार्थ्यांशी पदवीनंतर किती काळाने बोलावे, याबद्दलही अनुभव हवे आहेत : लगेच बोलल्यास त्यांना पुरेसे काम मिळालेले नसते, आणि फार उशिरा बोलल्यास अभ्यासक्रमाने काय दिले व नोकरीने काय शिकवले, हे वेगळे काढता येत नाही. सुपरव्हिजनच्या नोंदींचा एखादा चांगला नमुना असल्यास तोही द्यावा. क्लायंटची आणि संस्थेची ओळख पटेल असे तपशील मात्र त्यातून काढून टाकावेत. पुढील सत्राच्या इंटर्नशिपला विद्यार्थी रवाना होण्यापूर्वी निदान लॉगबुकचा आराखडा बदलून घ्यायचा आहे, त्यामुळे त्याविषयीच्या सूचना आधी आल्यास फार मदत होईल.