गाजरगवताची खाज: इम्युनिटी कमी म्हणून की उगाच जास्त शहाणी म्हणून?

बांधावरचा, रावेर
पाऊस पडला की केळीच्या बांधावर गाजरगवत माजतं आन् घरोघरी पापण्या, मान, कोपराच्या खाचा लाल. आमच्याकडचा मेडिकलवाला म्हणतो इम्युनिटी कमी झाली, ही बाटली घ्या. साफ चूक भो. या गवतातलं पार्थेनिन म्हणजे २६२ डाल्टनचा (रेणूच्या वजनाचं माप) चिल्लर रेणू, ५०० च्या आतलं असलं काहीबाही कातडीत झिरपतं. एकटं असतं तोवर त्याला कोणी विचारत नाही, पण ते आपल्याच प्रथिनाला चिकटलं की कातडीतल्या पहारेकरी लँगरहान्स पेशी ते गिळतात, तुकडे करून स्वतःच्या अंगावर लावतात आणि लसीका गाठीत जाऊन टी पेशींना (शत्रू लक्षात ठेवून लढणाऱ्या पेशी) दाखवतात. म्हणजे शक्ती कमी नाही, नको तिथं जास्त चालतेय!

सातपुडा_७७
पुस्तकी बोलू नका भाऊ. आमचे आजोबा उघड्या अंगानं निंदायचे, कधी खाजवलं नाही. आताच्या पोरांत दम नाही हेच खरं.

बांधावरचा, रावेर
आजोबांच्या टी पेशींनी ते शिकलंच नसेल, सगळ्यांना होत नाही. आणि वर्षानुवर्षं काही न होता मग एकदम सुरू झालेले लोक पण गावात आहेत ना?

धुळ्याची ताई
भाऊ, मुद्दा बरोबर पण तुम्ही सगळं लँगरहान्सच्या डोक्यावर टाकलं. कातडीच्या खालच्या थरातल्या डेंड्रिटिक पेशीसुद्धा हेच काम करतात. उंदरांतून लँगरहान्स पेशी काढून टाकल्या तर काही प्रयोगांत ॲलर्जी कमी झाली, काहींत चक्क वाढली. म्हणजे त्या कधी भडकवतात, कधी शांतही करतात. शिवाय उंदरावरून माणसाचं सांगताना जपून, खोट्या दागिन्यांतलं निकेल माणसाच्या टीएलआर४ ला (पेशीवरचा धोका ओळखणारा रेणू) थेट चिकटून पेशी चेतवतं, उंदराच्या टीएलआर४ ला तसं जमत नाही. त्या दागिन्यांनी कान चिघळतात ते यातूनच.

सातपुडा_७७
बरं मग बिब्बा? तो तर आयुर्वेदातला, नैसर्गिक. तरी उततो.

धुळ्याची ताई
नैसर्गिक असल्यानं काय होतं? गाजरगवत काय फॅक्टरीत बनतं का 😄

भरीतप्रेमी जळगाव
मला एक सांगा, खाजेपायी डॉक्टरनं वांगं बंद केलंय. हिवाळ्यात भरीत नाही म्हणजे जगायचं कशाला?

बांधावरचा, रावेर
वांग्याचं तुमच्या डॉक्टरलाच विचारा, पण गवताचा हिशोब वेगळा आहे. पहिल्या वेळी अंगात तयारी व्हायला १०-१४ दिवस जातात, तेव्हा काहीच दिसत नाही, आणि नंतर प्रत्येक वेळी २४ ते ७२ तासांनी उठतं. परवा बांध साफ केला ते कोणाला आठवतं, काल खाल्लेलं भरीत आठवतं, मग नाव त्याचंच येतं.

सातपुडा_७७
एवढं कळतं तर औषध काय ते सांगा, काढा तर मी पिणारच.

धुळ्याची ताई
प्या, पण त्यानं टी पेशी शिकलेलं विसरत नाहीत दादा. आधी पॅच टेस्ट (कशाची ॲलर्जी ते शोधायची तपासणी) करा, ४८ तास पाठीवर पट्ट्या, घाम आणि अंघोळ नको, म्हणून मे महिन्यात जाऊच नका. आणि मेडिकलमधून मनानं स्टिरॉइडचं मलम आणून तोंडाला फासू नका, कातडी पातळ होते.

सातपुडा_७७
४८ तास अंघोळ नाही, कापूस वेचणीच्या दिवसात? घरात घेतील का मला?