४३ इंची रिअर प्रोजेक्शन टीव्ही ७,००० ला भेटून राहिला, वाचनालयासाठी घ्यावा का?

काळीमाती (दारव्हा तालुका)

नमस्कार मंडळी. गावच्या वाचनालयाच्या खोलीत मॅच आणि शेतीचे कार्यक्रम पाहायला मोठा टीव्ही पाहून राहिलो आहे. यवतमाळात एक जण ४३ इंची रिअर प्रोजेक्शन ७,००० रुपयांत विकून राहिला. म्हणजे पेटीच्या आतून, मागून पडद्यावर चित्र टाकणारा. आत तीन चित्रनळ्या (सीआरटी) असलेला, चौकोनी पडद्याचा, २००३-०४ च्या सुमाराचा. मागे एव्हीच्या तीन पिना, कंपोनंटच्या तीन, एचडीएमआय नाही. तो म्हणतो चित्र एक नंबर आहे, फक्त "थोडं सेटिंग" लागते.

खोली १२ बाय १६ फूट, वर टिन, पूर्वेला दोन खिडक्या. माणसं २०-२५. पुढची सतरंजीवर, मागची बाकावर, काही दारात उभी. डीडी फ्री डिशचा साधा बॉक्स आहे. लाईनचा भरवसा नाही, १५० एएचच्या एका बॅटरीवर इन्व्हर्टर आहे. जाऊन पाहताना नेमकं काय तपासायचं? आणि भाव बरोबर आहे का जी?

तांब्याची_तार (नागपूर)

काळीमाती भाऊ, ७,००० हा भाव निर्दोष टीव्हीचाही होत नाही. मोठ्या कंपन्यांमध्ये सगळ्यात शेवटी मित्सुबिशीनं डिसेंबर २०१२ मध्ये रिअर प्रोजेक्शन बनवणं सोडलं, आणि तीन नळ्यांचे सेट तर त्याच्या कितीतरी आधी बंद झाले. आज एक नळी गेली तर नवी भेटत नाही, दुसऱ्या मेलेल्या टीव्हीतून काढावी लागते. म्हणून तपासणी नळ्यांपासून सुरू करा, चित्रापासून नाही.

सोबत जोराचा टॉर्च, स्टार पेचकस आणि एव्ही आउट असलेला डीव्हीडी प्लेअर न्या. पेन ड्राइव्हवर तीन चित्रं घ्या: पूर्ण पांढरं, काळ्यावर पांढरी अक्षरं, आणि काळ्यावर पांढऱ्या उभ्या-आडव्या रेघांची जाळी. विकणाऱ्याला आधीच सांगा की टीव्ही लावून ठेवू नको. गेल्यावर मागच्या हवेच्या फटींना हात लावून पाहा. गरम असेल तर तासभर बंद ठेवायला लावा. काही दोष थंड असतानाच दिसतात, काही तापल्यावर.

आता पिन भिंतीतून काढून खालची स्पीकरची जाळी ओढून काढा. तिच्यामागे पडद्याच्या चौकटीचे स्क्रू असतात (मॉडेलप्रमाणे जागा बदलते). चौकट उतरवली की आत तीन भिंगं वर तोंड करून दिसतात: लाल, हिरवी, निळी. प्रत्येक भिंगात टॉर्च मारा. भिंग आणि नळीच्या काचेमधल्या फटीत द्रव भरलेला असतो, इथिलीन ग्लायकॉल आणि ग्लिसरीनचा. तो नळीचं तोंड थंड ठेवतो आणि काचेतून भिंगात जाताना उजेड विखुरू देत नाही. द्रव चांगला असेल तर तळाशी नळीचा चौकोन कडेपर्यंत स्वच्छ दिसतो. दुधाळ झालेला असेल, पांढरे धागे किंवा जेलीसारखे गोळे तरंगत असतील, तर ती बुरशी. हिरव्या आणि निळ्या नळीत जास्त सापडते. भिंगाच्या बुडाशी चिकट थेंब वाळलेला दिसला तर गळती. तो थेंब खालच्या बोर्डावर गेला असेल तर तांब्यावर हिरवट-पांढरा थर चढलेला असतो, आणि असा सेट फुकट भेटला तरी आणू नका.

नळीच्या तोंडावर एखाद्या लोगोचा किंवा बातम्यांच्या पट्टीचा भुरकट डाग आहे का तेही त्याच वेळी पाहा. हा जळका डाग कशानंही जात नाही. पुढे पूर्ण पांढरं चित्र लावाल तेव्हा पडद्यावर तो पुन्हा दिसेल.

चौकट लावून टीव्ही चालू करा आणि पाऊण तास चालू द्या. काळ्यावरची पांढरी अक्षरं पाहा. अक्षरांभोवती निळसर किंवा हिरवट धुकं पसरलं तर त्या रंगाचा द्रव खराब. मग रेघांची जाळी लावा. प्रत्येक रेघ पांढरी दिसली पाहिजे. मधोमध पांढरी आणि कोपऱ्यात लाल-निळी सुटी झालेली असेल तर कन्व्हर्जन्स, म्हणजे तिन्ही रंगांचं एकावर एक बसणं, हललं आहे. थोडं हललेलं मेनूतून बसते, त्याला "सेटिंग" म्हणता येते. पण एखाद्या रंगाची रेघ धनुष्यासारखी वाकली असेल तर सर्किटच गेलेलं आहे.

आयटीआय_ताई (आर्वी)

वरची तपासणी बरोबरच आहे, पण माझी अडचण त्याच्या आधीची आहे. तुमची माणसं बसणार कुठं?

या टीव्हीच्या पडद्यात दोन पत्रे असतात. आतला फ्रेनेल, जो भिंगातून आलेला उजेड सरळ समोर वळवतो. बाहेरचा बारीक उभ्या रेघांचा, जो तो उजेड डावी-उजवीकडे पसरवतो. वर-खाली फार कमी पसरवतो. म्हणून बाजूला बसलेल्याला बऱ्यापैकी दिसते आणि उभ्या माणसाला चित्र काळवंडलेलं दिसते. विकणाऱ्याच्या घरी हे स्वतः करून पाहा: समोर आठ फुटांवर खुर्चीत बसा, चित्र पाहा, आणि नजर न हलवता हळूहळू उभे राहा. उजेड कसा उतरतो ते लगेच समजेल. मग जमिनीवर मांडी घालून पाहा. तुमच्याकडे सतरंजी, बाक आणि दार अशा तीन उंच्या आहेत. एकीला जुळवलं तर बाकी दोघींना फिकं दिसणार.

दुसरं, चौकोनी ४३ इंची पडद्याची रुंदी साडेचौतीस इंचांच्या आसपास येते. मॅच आता वाइड येते, वर-खाली काळ्या पट्ट्या पडतात, आणि प्रत्यक्ष चित्र साडेएकोणचाळीस इंचांचंच उरते. त्या पट्ट्या रोज तासन्‌तास राहिल्या की मधला भाग जास्त झिजतो आणि पुढे पूर्ण चित्रात पट्ट्यांच्या कडा दिसायला लागतात. घेतलाच तर पहिल्या दिवशी कॉन्ट्रास्ट निम्म्याच्या खाली आणा. दुकानात झगझगीत दिसावं म्हणून कारखान्यातून तो फार वर ठेवलेला असायचा, आणि त्यानंच नळ्या लवकर जातात.

विजेचा हिशोब पाहा. असा सेट साधारण २०० वॅट घेतो. १५० एएचच्या बॅटरीत कागदावर १,८०० वॅट-तास असतात, इन्व्हर्टरमधली तूट आणि बॅटरी राखून वापरणं धरलं तर हजारेक हाती येतात. टीव्ही, बॉक्स आणि ७५ वॅटचे दोन पंखे मिळून ३६० वॅट झाले, म्हणजे पावणेतीन तास. एलईडी टीव्ही ७० वॅटचा धरला तर त्याच बॅटरीवर सव्वाचार तास. एक पूर्ण मॅच त्या दीड तासात अडते.

फ्री डिशचा साधा बॉक्स एव्हीवर थेट चालेल. पुढे एचडी बॉक्स आणला तर बाजारात भेटणारा स्वस्तातला एचडीएमआय-एव्ही कन्व्हर्टर लागेल. त्यानं चित्र येते, पण एचडीचा फायदा उरत नाही.

कुलर त्या खोलीत असेल तर टीव्हीच्या रेषेत नको. ओली हवा आणि धूळ एकत्र आत जाते आणि आरशावर चिखलाचा पातळ थर बसतो. तो आरसा आपल्या घरातल्यासारखा नसतो, त्याची चांदी काचेच्या पुढच्या बाजूला असते. फडक्यानं घासला की ओरखडा कायमचा.

काळीमाती

ताई, दादा, तुम्ही म्हणल्याप्रमाणं पाहून आलो. थंड सेट होता. हिरवी नळी स्वच्छ, चौकोन कडेपर्यंत दिसला. निळ्यात धुकट आणि एका बाजूला कापसाच्या पेळूसारखे दोन-तीन धागे. लाल स्वच्छ. चिकट थेंब कुठंच नाही, बोर्ड कोरडा. जळका डाग नाही. चालू केल्यावर जाळी ठीक होती, वीसेक मिनिटांनी लाल रेघ डाव्या बाजूला वाकायला लागली, चाळिसाव्या मिनिटाला दोन बोटं आत आली. हिरवी-निळी जागेवर. पुढच्या बाजूला फ्लॅश फोकसचं (कन्व्हर्जन्स आपोआप जुळवायचं) बटण आहे, ते दाबलं तर एरर दाखवून परत आलं. उभं राहून पाहिलं, ताईंचं म्हणणं खरं आहे, दारातून काहीच मजा नाही. विकणारा आता ४,००० म्हणून राहिला.

उमरखेडचा_पाना

दोन्ही दोष समजले. आधी वाकणारी लाल रेघ.

कन्व्हर्जन्सचे सहा चॅनेल, म्हणजे सर्किटचे वेगळे मार्ग, असतात, तीन रंगांचे आडवे आणि उभे. ते सॅन्योच्या एसटीके मालिकेतल्या दोन मोठ्या आयसी (चिप) सांभाळतात, एकेकीत तीन. बऱ्याच सेटमध्ये एसटीके ३९२-११० किंवा त्याच कुळातला नंबर सापडतो. बोर्डावर छापलेला नंबरच आणायचा, "जवळचा" चालत नाही. तिन्ही रंग एकदम वाकले असते तर पुरवठ्याचा फ्यूज उडाला म्हणायचं, कारण या आयसींना प्लस आणि मायनस दोन्ही बाजूंनी व्होल्टेज लागते आणि एक बाजू गेली की सगळंच ओढलं जाते. तुमच्याकडे एकच रंग, तोही तापल्यावर. म्हणजे त्या चॅनेलची आयसी, तिच्या आउटपुटचा कमी ओहमचा रेझिस्टर, नाहीतर पिनेभोवती फुटलेलं कथील. फ्लॅश फोकस याचमुळं एरर देते, त्याला हवी तिथं लाल सापडत नाही.

काम असं. पिन काढून अर्धा तास थांबा. मुख्य फिल्टर कॅपॅसिटर (वीज साठवून ठेवणारा भाग) मीटरनं मोजा, व्होल्टेज उरलं असेल तर रेझिस्टर लावून उतरवा. नळ्यांच्या जाड रबरी टोप्यांना हात लावायचा नाही, चालू असताना तिथं ३० हजार व्होल्टच्या वर असते आणि बंद केल्यावरही चार्ज राहते. आधी दोन्ही आयसींच्या सगळ्या पिनांचं जुनं कथील काढून नवं भरा. कधीकधी एवढ्यावरच भागते. नाही भागलं तर दोन्ही आयसी एकदम बदला, एक बदलली की उन्हाळ्यात दुसरी जाते. हीटसिंकवरची (आयसीची उष्णता ओढणाऱ्या धातूच्या पत्र्यावरची) जुनी वाळलेली पेस्ट पूर्ण खरवडून नवी पातळ लावा आणि स्क्रू दोन्ही बाजूंनी थोडे-थोडे आवळा. एक बाजू आधी पक्की केली की आयसीची पाठ सपाट बसत नाही आणि आठवड्यात जळते. आउटपुटचे रेझिस्टर एकेक टोक सोडवून मोजा, बोर्डात लावलेले मोजले तर आकडा फसवतो.

सीताबर्डीत मोदी नंबर दोन-तीनच्या गल्ल्यांमध्ये अशा आयसी विचारता येतात, पण नकली फार आहेत. जुन्या आयसीच्या शेजारी नवी ठेवून पाहा: पाठीचा अॅल्युमिनियमचा पत्रा पातळ वाटला किंवा अक्षरं नखानं पुसली गेली तर परत द्या. परत घ्यायची कबुली घेऊनच पैसे द्या.

निळ्याचा द्रव. वरचं भिंग चार स्क्रूंनी निघते, खाली लहान भिंग असते त्याच्या आत द्रव. फोकसचा स्क्रू कुठं होता त्यावर आधी मार्करनं खूण करा. जुना द्रव ५० मिलीच्या सिरिंजला नळी लावून ओढून घ्या. काच आणि लहान भिंग डिस्टिल्ड वॉटरनं दोन-तीनदा धुवा आणि पूर्ण कोरडं करा, कारण हा द्रव पाणी ओढतो आणि पाण्यातूनच पुन्हा बुरशी धरते. द्रव अडवणारं रबरी गॅस्केट कडक झालेलं असेल तर तेच परत लावू नका. नवा द्रव कडेनं सावकाश ओता, बुडबुडा राहिला की पडद्यावर गोल डाग दिसतो. गाडीचा कूलंट अजिबात नाही, त्यात रंग आणि पाणी असते. आणि हे इथिलीन ग्लायकॉल विषारी असून चवीला गोड लागते. काढलेला द्रव उघड्या डब्यात ठेवू नका, कुत्रं-शेळी पिऊन मरते, लेकरांचा तर विचारच नको.

हे सगळं झाल्यावर टीव्ही ज्या जागी कायम राहणार तिथंच ठेवून, अर्धा तास तापवून, मग कन्व्हर्जन्स जुळवायचं. तोंड फिरवलं की पृथ्वीच्या चुंबकत्वानं रंग पुन्हा थोडे सरकतात.

मजुरी, आयसीची जोडी, गॅस्केट, द्रव आणि छोटा हत्तीचं भाडं धरा. माझ्या मते या सेटला १,५०० च्या वर देऊ नये, आणि तेही हे काम स्वतः करणाऱ्यानं.

तांब्याची_तार

पाना भाऊंशी सहमत. डाग नसलेली नळी आणि कोरडा बोर्ड, म्हणजे सेट मुळात चांगला आहे. अंधारी खोली, चार माणसं, खुर्च्यांवर बसून जुन्या डीव्हीडी पाहणारं घर असेल तर याचं काळं रंगवणं आजही स्वस्त एलईडीला जमत नाही. वाचनालयाचं काम तसं नाही.

आयटीआय_ताई

वर्गणी होत असेल तर १५ ते २० हजारांत नवा ४३ इंची एलईडी घ्या, भिंतीवर बाकावरच्या नजरेच्या थोडा वर लावा आणि किंचित खाली झुकवा. खिडक्यांना जाड पडदे मात्र तरीही लागतील.

काळीमाती

मंडळाच्या लोकांना दाखवलं. वर्गणी करायचं ठरलं. विकणारा म्हणतो भंगारात देतो, नाहीतर १,५०० ला घेऊन जा. आमच्या इथला आयटीआय केलेला एक पोरगा शिकायला म्हणून घ्यायला तयार आहे. त्याला आणताना काही सांगायचं का?

उमरखेडचा_पाना

उभाच आणायचा. आडवा टाकला तर आतली धूळ भिंगांवर पडते आणि आरशाच्या पकडी सुटू शकतात. ६० किलोच्या पुढं वजन धरा, चार माणसं लागतील, पडद्याला कोणी छाती टेकवायची नाही.

आणि एक गोष्ट त्याला आजच सांगा. काम करताना पडद्याची चौकट काढली की ती अंगणात टेकवून ठेवायची नाही. आतला फ्रेनेल पत्रा म्हणजे ४३ इंची भिंग आहे. आपल्याकडच्या उन्हात त्याचा ठिपका लाकडाला काही सेकंदांत धूर आणतो, आणि जवळ कुटार किंवा कापूस असेल तर विझवायला वेळ भेटत नाही. घरात, भिंतीकडे तोंड करून, वर जाड चादर टाकून ठेवायची.