सिम्युलेटर: गेमपेक्षा जास्त, विमानापेक्षा कमी

फ्लाइट सिम्युलेटर शेवटी गेमच, त्यातून उडवायला काही शिकता येत नाही, हे तुमचं म्हणणं मला अर्धंच पटलं. मायक्रोसॉफ्टचा पहिला सिम्युलेटर १९८२ चा, त्यात नुसत्या रेघा आणि डायल होते, आणि २०२० च्या आवृत्तीत सॅटेलाइट फोटोंवरून उभी केलेली अख्खी पृथ्वी, हे भारीच आहे. पण माझ्या मते खरी मजा दृश्यांत नाहीच. सगळीकडे ढग, धावपट्टी दिसत नाही, आयएलएसचे (रेडिओ लहरींवरून धावपट्टीची दिशा आणि उतरायचा उतार दाखवणारी यंत्रणा) ते दोन काटे मधोमध धरून खाली उतरत जायचं आणि २०० फुटांवर एकदम समोर दिवे दिसतात, तेव्हा काय वाटतं ते सांगता येत नाही! हे काम घरी बसून खरंच पक्कं होतं, पॉज करून पुन्हा पुन्हा करता येतं, चुकलं तरी कोणाच्या जिवावर बेतत नाही.

कमतरता म्हणजे शरीराला काहीच जाणवत नाही. वळताना सीटमध्ये दाबलं जाणं, स्टॉलच्या (नाक फार वर जाऊन पंखांची उचल एकदम कमी होते, त्याच्या) आधीची थरथर, कंट्रोल ढिले पडणं, हे साध्या जॉयस्टिकमध्ये कुठून येणार? आणि लँडिंगला शेवटी नाक उचलायचं ते सपाट स्क्रीनवर उंचीचा अंदाजच येत नसल्याने फार अवघड जातं. त्याहून वाईट म्हणजे नजर सारखी डायलवर ठेवायची सवय लागते. खऱ्या विमानात स्वच्छ हवेत बाहेर बघूनच दुसरी विमानं टाळायची असतात, मग शिकवणाऱ्याला आधी ही सवय मोडत बसावं लागतं. व्हीआरने (डोळ्यांवर चढवायच्या थ्रीडी हेडसेटने) थोडा फरक पडतो, पण त्यात हाताखालची खरी बटणं दिसत नाहीत.