अनुभव धागा: किशोरांसाठी ख्रिस्ती फँटसी, आपल्या बेळगाव-खानापूरकडची

धागाकर्ती
आपल्याकडे लपूनछपून लिहिणारे पुष्कळ आहेत, त्यांना बाहेर काढायला हा धागा. ‘यमुनापर्यटन’ मराठीतल्या अगदी पहिल्या कादंबऱ्यांपैकी, १८५७ची. लिहिणारे बाबा पदमनजी १८३१ साली बेळगावातच जन्मले. म्हणजे इथल्या ख्रिस्ती माणसाने मराठीत गोष्ट रचणं हे काही आजचं खूळ नव्हे. त्यांच्या गोष्टीत बोलणारी जनावरं नव्हती, एवढंच.

तुमच्या गोष्टीत श्रद्धा कुठून शिरते? जादूचं काय करता? चर्चमधले काय म्हणतात? पोरं वाचतात का? कथानक फुटेल म्हणून घाबरू नका, इथे चोरणारं कोणी नाही. फक्त “मुलांवर चांगले संस्कार व्हावेत म्हणून लिहितो” एवढं एक वाक्य टाकून पळू नका.

जांबोटीकर
कादंबरी अजून वहीत आहे, खरं तिच्यातलं जग तयार आहे.

भीमगड अभयारण्यात तळेवाडीच्या बाजूला बारापेडेची गुहा आहे. तिथे रॉटनचं वटवाघूळ राहतं. कान एवढे मोठे की तोंडाच्या आधी कानच दिसावेत. कितीतरी वर्षं हा प्राणी जगात फक्त याच एका गुहेत आहे असं धरून चालले होते, मग मेघालयात आणि कंबोडियातही सापडला. आमच्या तालुक्यात असलं काही असताना परदेशातले ड्रॅगन कशाला उसने आणायचे?

आता बायबलातल्या लेवीय पुस्तकाचा अकरावा अध्याय उघडा. जे पक्षी खायचे नाहीत, ज्यांचा विटाळ मानायचा, त्या यादीत सगळ्यात शेवटी वटवाघूळ. आमच्या आजीचंही तेच. संध्याकाळी पडवीत एखादं शिरलं की केरसुणी घेऊन मागे. दोन्हीकडून हाकललेलं हे जनावर मला वाटाड्या म्हणून हवं होतं.

नायिका कणकुंबीच्या वरच्या अंगाला गवळीवाड्यावर राहते, वय तेरा. हरवलेल्या म्हशीमागे रानात शिरते आणि वाट चुकते. तिसऱ्या रात्री, पोटात काही नाही अशा वेळी, वरून एक काळी घोंगडी खाली येते. चारी टोकं बांधलेली, पावसाने जड झालेली, ओल्या लोकरीचा तो उग्र वास आधी येतो आणि मग ती दिसते. आत सगळी विटाळाची मंडळी: साप, पाल, घोरपड, वटवाघूळ. बायबलातलं प्रेषितांची कृत्ये, अध्याय दहा ज्यांनी वाचलाय त्यांना कळलंच असेल. फरक एवढाच, की तिथे अशीच चादर उतरताना पाहणाऱ्या येशूच्या शिष्याला, पेत्राला, सांगितलं जातं मारून खा, आणि माझ्या पोरीला सांगितलं जातं, यांच्या पंगतीला बस.

येशूचं नाव पुस्तकात कुठेही नाही. ज्याला मूळ प्रसंग ठाऊक आहे तो हसेल, ज्याला नाही त्याला घोंगडी पुरे. एक पथ्य मात्र पाळलंय. वटवाघळं आवाजाच्या पडसादाने वाट काढतात, ते तसंच ठेवलंय. चमत्कार एकच, बाकी रान खरं.

निवृत्त पाळक
सर्वांना जय ख्रिस्त. बायबलातील अनुवाद या पुस्तकाच्या अठराव्या अध्यायात चेटूक, मंत्रतंत्र, मृतांना विचारणे, सर्व निषिद्ध आहे. इफिस शहरात जादू करणाऱ्यांनी आपली पुस्तके सर्वांसमोर जाळली, त्यांची किंमत चांदीची पन्नास हजार नाणी भरली. आता मला सांगा, तुमच्या गोष्टीतला मुलगा काठी फिरवतो आणि दार उघडते, तेव्हा ते दार कोण उघडते? हा आक्षेप नव्हे. माझा नातू असली पुस्तके वाचतो म्हणून विचारतो. बायबलात बलामाची गाढवी बोलली म्हणून मी काही तिला चेटकीण म्हणत नाही.

तिसरं गेट
पाळकसाहेब, टोल्किन आणि लुईस हे ऑक्सफर्डचे फँटसी लिहिणारे दोघे मित्र, दोघेही ख्रिस्ती, आणि या बाबतीत दोघांची तऱ्हा वेगळी. टोल्किन कॅथलिक, त्यांना सरळसरळ रूपककथा आवडतच नसे. लुईसचं म्हणणं असं, की समजा दुसरं एखादं जग असतं, तर ख्रिस्त तिथे कुठल्या रूपात आला असता, एवढंच मी कल्पून पाहिलं. मला वाटतं आपल्याकडचे बरेच जण लुईस वाचतात आणि त्यातला ‘समजा’ विसरतात.

चिकोडीची माई
पाळकसाहेब, तुमच्या प्रश्नावरच माझं पुस्तक उभं आहे हो. माझ्या जगात मंत्र नाहीत, काठी नाही. शक्ती मिळते ती काहीतरी देऊन टाकल्यावर, आणि दिलेलं परत मिळत नाही.

गोष्ट गुऱ्हाळावरची. गुळव्याची मुलगी धाकट्या भावाला वाचवण्यासाठी आपल्या जिभेवरची गोडी देते. त्यानंतर गूळ तिला मातीसारखा लागतो, जन्मभर. तरी ती काहिलीपाशीच उभी असते. पाक झाला का, हे ती आता चाखून नाही, गार पाण्यात थेंब टाकून, बोटांत गोळी वळून ठरवते. आणि तिचा गूळ आख्ख्या पंचक्रोशीत उत्तम निघतो. दार कोण उघडतं, तर हे असं उघडतं. माझ्यापुरतं क्रुसाचं सगळं यात आलं. आणखी उघड करून सांगायची मला गरज वाटत नाही.

खरी अडचण पुढेच आली. गोष्टीत एक फितूर आहे, मुलीचा चुलतभाऊ. रात्री चुलवाणापाशी शेकत बसलेला असताना शत्रूची माणसं विचारतात आणि तो म्हणतो, “मी नाही ओळखत तिला.” योहानाच्या शुभवर्तमानात पेत्र विस्तवापाशी शेकत येशूची ओळख नाकारतो, आणि पुनरुत्थानानंतर येशू त्याला पुन्हा विस्तवापाशीच तीनदा विचारतो, माझ्यावर प्रीती करतोस का. दोन्हीकडे कोळशाचा विस्तव आहे. मी दोन्हीकडे चुलवाण ठेवलं. शेवटी तीच मुलगी त्याला तिथे बसवते, चिपाडं आत सारायला लावते आणि विचारते.

शब्बाथ शाळेच्या, म्हणजे चर्चमधल्या मुलांच्या वर्गाच्या, पोरांना हे वाचून दाखवलं तर काय गलका! “माफ कशाला केलं? त्याला गोकाकला नेऊन धबधब्यात ढकला.” एकजण तर म्हणाला, झुलत्या पुलावर न्या, म्हणजे त्याला आधी भीती वाटेल. बारा-तेराव्या वर्षी न्याय फार कडक असतो, आणि तसाच असावा. मी शेवट बदलला नाही, पण माफीच्या आधी तीन प्रकरणं घातली. त्यात कोणी त्याच्याशी बोलत नाही, त्याच्या हातचं पाणी घेत नाही. आता पोरं म्हणतात, “बरं, चालेल.” यापलीकडे काही म्हणत नाहीत.

निपाणीची अकरावी
मी लिहिणारी नाही, वाचणारी. ओळखीच्या एका काकांनी त्यांची कादंबरी वाचायला दिली होती. दर दोन पानांनी हिरो गुडघे टेकतो आणि शत्रूवर वीज पडते. माझ्या प्रार्थनेला असं कधी होत नाही वो. गणिताच्या पेपराआधी मी पण करते की!

आमच्या युवक सभेत स्तोत्र ८८ वाचलं होतं. बहुतेक स्तोत्रांत शेवटी थोडा तरी उजेड येतो, त्यात येतच नाही, अंधारातच संपतं. ते बायबलमध्ये चालतं, मग पुस्तकात का चालत नाही? एक तरी प्रकरण असं लिहा की तो प्रार्थना करतो आणि काहीच होत नाही, आणि तरी त्याला सकाळी उठून चालावं लागतं. मी ते पुस्तक माझ्या पैशाने घेईन.

आणखी एक. मी इंग्रजी मीडियमची. मराठी वाचते खरं जड शब्द आला की अडते. ‘तद्नंतर’ लिहू नका प्लीज.

जांबोटीकर
पोरी, तू माझं चौथं प्रकरण बदलायला लावलंस. बघतो.

कॅम्पातला
आमच्या घरात कोकणी, गल्लीत मराठी, बसच्या पाटीवर कन्नड, शाळेत इंग्रजी. माझं पुस्तक एका रात्रीत घडतं, १ नोव्हेंबर संध्याकाळ ते २ नोव्हेंबर पहाट. बेळगावकरांना तारीख समजावून सांगायला नको. एकीकडे कर्नाटक राज्योत्सवाची लाल-पिवळी मिरवणूक, एकीकडे महाराष्ट्रात जायचं म्हणणाऱ्यांची काळ्या दिवसाची सायकल फेरी, आणि आम्हा कॅथलिकांचा त्याच दिवशी सर्व संतांचा सण, दुसऱ्या दिवशी मृतांचा. बारक्या पोराच्या हातात मेणबत्त्या आणि झेंडूची फुलं, त्याला दफनभूमीत पोचायचंय आणि रस्ते बंद.

वाटेत एक अनोळखी माणूस सोबत येतो आणि एक कुत्रं. हे मी टोबीतच्या पुस्तकातून घेतलं. तिथे देवदूत राफाएल ओळख लपवून तरुण टोबियाबरोबर प्रवास करतो, आणि मागून कुत्रं चालत असतं. मेथडिस्ट, म्हणजे प्रोटेस्टंट, मित्राने विचारलं, हे बायबलमध्ये कुठे आहे? आमच्या बायबलमध्ये आहे, त्याच्या नाही. त्याने माझ्याकडून घेऊन एका बैठकीत वाचून काढलं आणि आता त्यालाही आपल्या गोष्टीत कुत्रं हवंय.

मराठी मित्र म्हणाला, काळा दिवस फार मवाळ दाखवलास. कन्नड मित्र म्हणाला, दाखवलासच कशाला. दोघांचं ऐकून मी तो प्रसंग लांबवला.

शहापूरची वैनी
मी ख्रिस्ती नाही. शेजारचा एक मुलगा असलं लिहितो, शुद्धलेखन मी बघते, म्हणून चार ओळी.

त्याच्या पहिल्या खर्ड्यातला दुष्ट राजा चार हातांचा होता, कपाळाला मळवट भरलेला. मी पानाच्या कडेला लिहिलं, “भावजी, हा आमच्या देव्हाऱ्यातून उचललात काय?” तो वरमला नाही, भांडलाही नाही, दोन दिवस विचार करून आला. आता त्याचा दुष्ट एक कारकून आहे. तो लोकांचे जमिनीचे उतारे खातो, अक्षरशः चावून गिळतो, आणि ज्याचा उतारा गेला त्याचं नाव गावात कोणाला आठवेनासं होतं. मला रात्री झोप लागली नाही वाचून. चार हातांवाल्याची काही भीती वाटली नव्हती.

दुसरं म्हणजे ओवी. फादर स्टीफन्स हे इंग्रज पाद्री गोव्यात बसून ख्रिस्तपुराण ओवीत लिहितात, १६१६ साली ते छापलं जातं. चोर्ला घाट उतरलं की गोवा. इतकं जवळ असून तुमच्या पुस्तकांतली भाकितं आणि कोडी मुक्तछंदात का? त्याला मी जात्यावरच्या ओवीची चाल म्हणून दाखवली, आता त्याच्या पुस्तकातली म्हातारी दळता दळता भाकीत सांगते. मुलं ते पाठ करतात.

निवृत्त पाळक
माईंचे उत्तर पटले. कारकून तर फारच पटला. कु. निपाणी यांना: स्तोत्र ८८ वर मी आयुष्यात एकदाही उपदेश केला नाही, धीर झाला नाही.

हल्याळचा मास्तर
मी शिकवतो तिकडे बरीच मुलं सिद्दी समाजाची, त्यातली पुष्कळ कॅथलिक. त्यांचे पूर्वज आफ्रिकेतून गुलाम करून आणलेले, त्यातले कित्येक गोव्यातून निसटून या रानात शिरले. बायबलातलं निर्गम, मोशे गुलामांना मिसरातून सोडवून नेतो ते, शिकवताना मला फार काही समजावून सांगावं लागत नाही. तांबडा समुद्र म्हटलं की मुलं इथली काळी नदी म्हणतात.

नववीतल्या एका मुलीने वहीत गोष्ट लिहिली आहे. पणजीने पळताना फक्त डमाम आणला, तो ढोल. तो वाजवला की पाठलाग करणाऱ्यांची वाट चुकते, गोल फिरून ते पुन्हा त्याच झाडाखाली येतात. इथवर मला वाटलं, छान, मोशेची काठी झाली. पुढे वाचतो तर ते शिपाई थकून तहानेने पडलेत, पणजी लांबून बघते, आणि मग ढोलाचं कातडं सोडवून त्याच खोळीत ओढ्याचं पाणी भरून त्यांना नेऊन देते. म्हणजे आता ढोल नाही. शिपाई पाणी पितात. गोष्ट इथे थांबलीय. मी विचारलं पुढे काय, तर म्हणाली, “ते उठल्यावर काय करतील ते मलाच अजून कळेना, सर. परीक्षा झाली की लिहिते.”

तिने हे घरच्या बोलीत लिहिलंय, कोकणी-मराठी मिसळलेली, मध्येच कन्नड शब्द. मला ती भाषा ‘सुधारायची’ नाही, खरं निपाणीच्या ताईसारखीला वाचताही आली पाहिजे. माई, वैनी, तुमच्यापैकी कोणी ते एकदा डोळ्याखालून घालाल काय? वही पोस्टाने पाठवू शकतो, फोटो काढले तर पेन्सिल उठत नाही.