रोज जवळ शिट्टी ठेवता का कोणी? ठेवावी का?

नीलमोहर (डोंबिवली)

नमस्कार मंडळी, प्रश्न छोटा आहे पण मला खरंच नीट उत्तर हवंय. मुलगी यंदा पुण्याला कॉलेजला चाललीये, पीजीमध्ये राहणार, आणि सुट्टी मिळाली की तिचा ग्रुप डोंगरात पळतो. माझ्या भावाने तिला एक छोटी केशरी शिट्टी आणून दिली, म्हणाला ही बॅगेला लाव आणि रोज जवळ असू दे, फक्त ट्रेकला नाही. तिचं म्हणणं मोबाईल आहे, लोकेशन शेअर केलेलं असतं, ११२ आहे, वर तू पेपर स्प्रे घेऊन दिलाच आहेस मग अजून हे कशाला. भाऊ ऐकायला तयार नाही आणि ती पण नाही.

आणि दुसरं म्हणजे सासूबाई दिवसभर घरी एकट्या असतात, वय ७८, त्यांच्यासाठी पण घ्यावी का असं डोक्यात आलं. तुमच्यापैकी कोणी खरोखर रोज ठेवतं का, कधी उपयोग झालाय का, आणि कुठली घ्यावी? प्लीज अनुभवाचं सांगा.

सह्यवारी

ताई, भाऊ बरोबर सांगतोय. मी गेली कित्येक वर्षं पावसाळ्यात ग्रुप घेऊन जातो आणि आमच्याकडे शिट्टी नसेल तर पायथ्यावरून पुढे सोडत नाही.

आधी मोबाईलचं बघा. हरिश्चंद्रगड, भीमाशंकरचा पट्टा, ताम्हिणीच्या आतलं जंगल, कितीतरी ठिकाणी रेंज नसतेच. पावसात स्क्रीन ओली झाली की बोट ओळखत नाही, गारठ्यात बॅटरी भराभर उतरते, आणि घसरून पडताना पहिली हातातून सुटते ती तीच वस्तू. तेव्हा उरतो घसा. आता ओरडून बघा, दहा मिनिटांत आवाज बसतो, आणि वारा असला किंवा शेजारी धबधबा असला तर पन्नास पावलांवरचा माणूस ऐकत नाही. धबधब्याच्या घोंघाटात आपला आवाज मिसळून जातो. शिट्टीचा आवाज साधारण तीन-चार हजार हर्ट्झच्या आसपास असतो आणि माणसाचा कान नेमका त्याच पट्ट्यात सगळ्यात तिखट असतो, म्हणून ती गोंगाट फाडून वर येते. शिवाय फुंकायला ताकद कितीशी लागते? पाय मोडून पडलेला माणूस सुद्धा तासन्‌तास अधूनमधून वाजवू शकतो, तासन्‌तास ओरडू मात्र कोणीच शकत नाही.

एक गोष्ट मुलीला आजच करायला सांगा. तिची ट्रेकची सॅक असेल तर छातीवरचा जो आडवा पट्टा असतो ना, त्याचं प्लास्टिकचं बक्कल नीट बघ म्हणावं. बऱ्याच सॅकना त्या बक्कलच्या एका बाजूला चपटं तोंड आणि वर बारीक चीर असते, ती शिट्टी असते! आमच्या ग्रुपमधली पोरं वर्षानुवर्षं तो पट्टा लावत होती आणि कोणाच्या लक्षात नव्हतं. फक्त तिच्यावर अवलंबून राहू नका, आवाज बारीक असतो आणि सॅक उतरवून ठेवली की शिट्टी पण गेली. वेगळी हवीच आणि ती अंगावर हवी.

आता संकेत. डोंगरात बऱ्याच देशांत चालणारा प्रकार असा, की एका मिनिटात सहा वेळा वाजवायची, मग एक मिनिट थांबायचं, परत सहा. ज्याने ऐकलं त्याने मिनिटात तीन वेळा वाजवून उत्तर द्यायचं, म्हणजे अडकलेल्याला कळतं की कोणीतरी ऐकलंय. अमेरिकेकडे तीन वेळाच वाजवतात मदतीसाठी. मधला थांबा महत्त्वाचा, कारण त्या मिनिटात तुम्ही पण ऐकायचं असतं. दरीत आवाज घुमतो, नेमका कुठून आला कळत नाही, म्हणून शोधणाऱ्यांनी सुद्धा सगळ्यांना गप्प करून उभं राहावं लागतं.

आणि हो, मजेत वाजवत सुटू नका. गडावर दहा जणांनी उगाच शिट्ट्या मारल्या तर अकराव्याच्या खऱ्या शिट्टीकडे कोण बघणार?

बांधावरचा (ओतूर)

सह्यवारी दादांनी डोंगराचं सांगितलं, मी शेताचं सांगतो. आमच्या जुन्नर भागात बिबट्या किती झालाय ते पेपरात वाचत असालच. ऊस हे त्याचं घरच झालंय. आणि शेतीची लाईट पुष्कळदा रात्रीची असते, मग रात्री एक-दोन वाजता दारं धरायला, म्हणजे पिकाला पाणी द्यायला, जायचं कोणी, आम्हीच. एका हातात बॅटरी, एका हातात फावडं, मोबाईल खिशात, चिखलाच्या हाताने तो काढणार कसा. माझ्या गळ्यात शिट्टी असते. बायकोला पण दिलीये, ती गवत कापायला जाताना घालते. वाकून काम करणारं माणूस बिबट्याला छोटं दिसतं त्यामुळे खाली बसायच्या आधी आणि मधे मधे आवाज करायचा, बोलायचं, गाणी लावायची, हे वनखात्याची माणसं पण सांगतात. शिट्टीने बिबट्या पळतोच असं मी म्हणणार नाही, पण आपण आहोत हे त्याला लांबून कळतं, आणि अचानक समोरासमोर गाठ पडण्यापेक्षा ते केव्हाही बरं.

आणि साप चावला, विहिरीच्या कडेला पाय घसरला, तर वस्तीवर ऐकू जायला दुसरं काय आहे. आमचं वस्तीवर ठरलेलंय. एक लांब म्हणजे मोटार बंद कर. लागोपाठ तुटक म्हणजे असशील तसा पळत ये. चार घरं आहेत, चारही घरात लहान पोरांपासून सगळ्यांना माहितीये. असं आधी ठरलं नसेल तर मात्र शिट्टी नुसता आवाज आहे बघा.

पावणेनऊची_लोकल

मी थोडं वेगळं बोलते, राग मानू नका. डोंगरात, शेतात ठीक आहे पण शहरात शिट्टीचं कोणाला काही पडलंय का? वॉचमन गाडी रिव्हर्स घ्यायला वाजवतो, ट्रॅफिकवाला वाजवतो, प्लॅटफॉर्मवर आरपीएफवाले रूळ ओलांडणाऱ्यांना वाजवतात, नाक्यावर गोविंदा पथक प्रॅक्टिसला वाजवतं. त्यात माझी एक कोण ऐकणार. स्टेशनबाहेरच्या बोळात रात्री कोणी मागे लागलं आणि मी शिट्टी मारली तर लोक खिडकी उघडतील ही खात्री मला तरी नाहीये.

तरी मी ठेवते, आणि का ते सांगते. बाई घाबरली की कधी कधी घशातून आवाजच निघत नाही, हे माझ्या मैत्रिणीच्या बाबतीत झालंय, तिला ओरडायचं होतं आणि ओरडता आलं नाही. फुंकर तेवढी मारता येते. शिवाय त्रास देणाऱ्याला शांतता हवी असते, तो कानठळ्या बसवणारा आवाज त्याला नको असतो, क्षणभर तो दचकतो आणि तेवढ्यात पळायचं. पळणं हेच मुख्य, शिट्टी फक्त तेवढी सवड देते. पेपर स्प्रे वाऱ्याची दिशा चुकली तर आपल्याच डोळ्यात, तोही ठेवावा पण दोन्ही ठेवावं.

मुलीला दोन गोष्टी सांगा. पर्सच्या तळाशी, लिपस्टिक, पावत्या आणि चार्जरच्या खाली गेलेली शिट्टी काही कामाची नाही, बॅगेच्या खांद्याच्या पट्ट्याला हनुवटीजवळ लावायची, मान वळवली की तोंडात आली पाहिजे. आणि गळ्यात जाड दोरी घालून फिरायचं नाही, कोणी ती धरून ओढली तर उलटा धोका, ओढली की सुटणारी क्लिप मिळते ती घ्यायची. बांधावरच्या दादांसारखं पीजीतल्या मुलींनी आपापसात ठरवून घ्यावं, हे मला सगळ्यात पटलं.

उमरग्याचा

इथे बरंच वाचलं, मला एक वेगळंच आठवलं म्हणून लिहितोय. आमचं गाव किल्लारीपासून फार लांब नाही. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे चार वाजायच्या सुमारास भूकंप झाला, आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, लोक विसर्जन करून येऊन गाढ झोपलेले. दगडमातीच्या जाड भिंती आणि वर मातीचं माळवद, ते सगळं अंगावर आलं. जवळपास दहा हजार माणसं गेली. माझे चुलते तेव्हा ढिगारे उपसायला गेले होते, ते सांगायचे की सगळ्यात अवघड काम खणायचं नव्हतं, कुठे खणायचं हे ठरवायचं होतं. कुठून तरी बारीक आवाज यायचा, सगळे धावायचे, आणि पोचेपर्यंत तो थांबलेला असायचा.

म्हणून माझ्या उशाशी शिट्टी असते, चप्पल आणि बॅटरीच्या शेजारी. भूकंपाबद्दलच्या सरकारी सूचनांमध्ये सुद्धा हेच असतं, अडकलात तर पाईपवर किंवा भिंतीवर ठोका, शिट्टी असेल तर वाजवा, ओरडणं अगदी शेवटी. कारण ओरडायला मोठा श्वास घ्यावा लागतो आणि आत सगळी धूळ भरलेली असते, ती छातीत जाते. एनडीआरएफवाले मधे मधे मशीन बंद करून सगळ्यांना शांत बसवतात आणि कान देऊन ऐकतात, तेव्हा तुमच्याकडे वाजवायला काहीतरी असलं पाहिजे. महाडला ऑगस्ट २०२० मध्ये पाच मजली इमारत पडली तेव्हा चार वर्षांचं पोर दुसऱ्या दिवशी जिवंत बाहेर निघालं. इतके तास माणूस जगू शकतो, तर त्याचा पत्ता बाहेर कळला पाहिजे.

खरं ते पण सांगतो. मातीच्या जाड थराखाली शिट्टी फार लांब जात नाही, तिथे लोखंडी पाईपवर दगडाने ठोकणं जास्त पोचतं. काँक्रीटमध्ये फटी असतात, तिथून शिट्टी बाहेर येते. दोन्ही करायचं, जे जमेल ते.

देवगडकर

बोटीवर नोकरी केलीये म्हणून थोडक्यात. जहाजावरच्या प्रत्येक लाईफ जॅकेटला शिट्टी बांधलेली असते, तो आंतरराष्ट्रीय नियमच आहे, विमानातल्या जॅकेटला पण असते. लाटांमध्ये नुसतं डोकं वर असलेला माणूस शंभर मीटरवरून दिसत नाही. टायटॅनिक बुडाली तेव्हा उलट्या झालेल्या होडीवर उभ्या असलेल्या लोकांना दुसऱ्या होड्यांनी घेतलं ते लाइटोलर नावाच्या अधिकाऱ्याने शिट्टी वाजवली म्हणून. तारकर्लीला, मुरुडला बोटीत बसताना जॅकेटला शिट्टी आहे का बघत जा, नसेल तर आपली खिशात हवी.

तांबड्या_मातीचे_सर (कोल्हापूर)

मी शाळेत पीटी शिकवायचो, फुटबॉलला पंच म्हणून उभा राहायचो, आता निवृत्त. कुठली घ्यावी हे कोणी नीट सांगितलं नाही म्हणून लिहितो.

दाण्याची शिट्टी म्हणजे आपली नेहमीची, पोटात बुचाची गोटी फिरते आणि ती फर्रर्र असा आवाज करते. मैदानावर उत्तम. पण लाळ गेली, पाणी गेलं, माती गेली, किंवा जीव खाऊन एकदम जोरात फुंकली तर गोटी अडकते आणि नुसती हवा जाते. आणि घाबरलेला माणूस जीव खाऊनच फुंकतो! कॅनडातल्या रॉन फॉक्सक्रॉफ्ट नावाच्या बास्केटबॉल पंचाची शिट्टी ऐन सामन्यात अशीच अडकली होती, त्यातून बिनदाण्याची फॉक्स फॉर्टी निघाली, १९८७ साली. आत हलणारं काही नाहीच, किंचित वेगळ्या सुरांच्या पोकळ्या असतात, ते सूर एकमेकांवर आपटून थरथरता आवाज होतो. जितकं जोरात फुंकाल तितकी मोठी वाजते. जवळ ठेवायची असेल तर बिनदाण्याचीच घ्या, कुठलीही कंपनी असो. प्लास्टिकचीच घ्या, थंडीत धातू ओठाला झोंबतो. रंग भडक, पडली तर गवतात दिसावी.

दुकानात परीक्षा अशी करायची, पेलाभर पाण्यात बुडवायची, बाहेर काढून झटकायची सुद्धा नाही, लगेच फुंकायची. वाजली तर घ्यायची. आणि बंद खोलीत, पोरांच्या कानाजवळ पूर्ण जोर लावून वाजवू नका, कानाला इजा होते, मी स्वतः आता डाव्या कानाने कमी ऐकतो आणि डॉक्टरांनी इतक्या वर्षांच्या शिट्टीकडेच बोट दाखवलंय.

जाता जाता, लंडनच्या पोलिसांकडे १८८० च्या दशकापर्यंत लाकडी खुळखुळा असायचा, मदत हवी की तो गरगर फिरवायचा. बर्मिंगहॅमच्या जोसेफ हडसनची शिट्टी त्यापेक्षा कितीतरी लांब ऐकू गेली म्हणून १८८३ मध्ये ती घेतली. अंगावर बाळगायला हलकी, एका हाताने वाजणारी आणि लांब ऐकू जाणारी, तेव्हा पण हेच बघितलं होतं लोकांनी.

नीलमोहर (डोंबिवली)

किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी, खरंच आभार. लेकीला हा धागा पाठवला. सॅकचं बक्कल तिने लगेच तपासलं, निघाली शिट्टी, आणि आता भावाने दिलेली पट्ट्याला लावून झालीये. पीजीत रूममेट्सबरोबर काय ठरवायचं ते तिचं ती बघतेय.

सासूबाईंचं मात्र राहिलं. सर, त्यांना कवळी आहे आणि घरात असताना बऱ्याचदा काढून ठेवतात. दम पण कमी आहे. त्यांना फुंकता येईल का?

तांबड्या_मातीचे_सर (कोल्हापूर)

दातांची गरज नाही ताई, दात फक्त शिट्टी धरून ठेवायला लागतात, हाताने धरली आणि ओठ घट्ट मिटले की झालं. अडचण दमाची आहे. काही बिनदाण्याच्या शिट्ट्यांना चांगली फुंक लागते. सरळ नळीसारखी बारीक असते ती हलक्या फुंकेवर वाजते, तसली दोन-तीन घरी आणून त्यांच्याकडूनच वाजवून बघा, जी सहज वाजेल ती ठेवा.

पारिजात_सिस्टर

मध्येच बोलते, मी वृद्धांच्या वॉर्डला काम करते. घरातली म्हातारी माणसं पडतात ती बहुतेक बाथरूममध्ये किंवा रात्री उठून जाताना, आणि फोन तेव्हा हॉलमध्ये चार्जिंगला असतो. ताई, शिट्टी टॉवेलच्या दांडीला लावू नका. लोक डोळ्यासमोर, उभ्याने हात पोचेल अशी लावतात, पण पडलेल्या माणसाचा हात तिथे जात नाही. बादलीच्या उंचीवर, नळाच्या बाजूला, जमिनीवर आडवं पडून हात लांबवला तर मिळेल अशी लावा. एक पलंगाच्या पायापाशी. व्हेंटिलेटरची काच उघडी ठेवा, तिथून आवाज डक्टमध्ये जातो आणि वरखालच्या घरांना ऐकू येतो, बंद दार आणि बंद काच असेल तर ओट्यापाशी उभ्या माणसालाही कळणार नाही. कडी आतून लावू देऊ नका, नाहीतर ऐकून धावलेला माणूस बाहेरच उभा.

फुंकता येतच नसेल तर देवघरातली जुनी घंटा त्याच उंचीवर टांगा, हात हलला तरी वाजते. आणि शेजारच्या ताईंना एकदा घरी बोलावून आवाज ऐकवून ठेवा, किल्लीचा एक जोड त्यांच्याकडे द्या.