रोगप्रतिकारक रिसेप्टर आणि मेंदूचे आजार: हा नाद आता सोडावा का?

कुतूहल: अल्झायमरमध्ये मेंदूतल्या सफाई पेशींना, म्हणजे मायक्रोग्लियांना, कामाला जुंपायचं, ही कल्पना बरीच गाजली. त्यासाठी निवडला त्यांच्यावरचा ट्रेम-२ हा रिसेप्टर, म्हणजे ठरावीक रेणू पकडणारं पेशीचं प्रथिन. त्याला चेतवणाऱ्या एएल-००२ या अँटीबॉडी-औषधाची रुग्णांवरची फेज-२ (मधल्या टप्प्याची) चाचणी नोव्हेंबर २०२४ मध्ये फसली. औषध रिसेप्टरपर्यंत पोचलं, मायक्रोग्लिया जागे झाल्याच्या खुणाही पाठीच्या पाण्यात दिसल्या. आजार मात्र आपल्याच गतीने वाढत राहिला. माझ्या मते हा नाद सोडावा.

साशंक: एका अँटीबॉडीवरून? ट्रेम-२ कुणी चिठ्ठी टाकून निवडलेला नाही. त्याच्या जनुकात आर-४७-एच हा बदल असला की अल्झायमरचा धोका साधारण तिपटीने वाढतो. दोन्ही प्रती निकामी असतील तर नासू-हाकोला आजार होतो: हाडांत पोकळ्या आणि तरुण वयातच स्मृतिभ्रंश.

कुतूहल: जन्मापासून रिसेप्टर अधू असणं वेगळं आणि आजार जडल्यावर त्याला डिवचणं वेगळं. शिवाय या चाचणीत स्कॅनवर अमायलॉइड, म्हणजे अल्झायमरमध्ये मेंदूत साचणारं प्रथिन, हेही हटलेलं दिसलं नाही. मग जागे होऊन या पेशींनी केलं काय?

आडवाट: तुम्ही दोघं अल्झायमरवरच अडलात. मायस्थेनिया ग्रेव्हिस बघा. पापण्या मिटतात, घास गिळवत नाही, कारण स्वतःच्याच अँटीबॉडी नस-स्नायूच्या सांध्यावर हल्ला करतात. एफसीआरएन हा रिसेप्टर त्या अँटीबॉडींना पेशीत मोडीत निघण्यापासून वाचवून परत रक्तात सोडतो. एफगार्टिजिमॉड त्याची जागा अडवतं, अँटीबॉडी घटतात, रुग्णाला ताकद येते. अमेरिकेत डिसेंबर २०२१ मध्ये मंजुरीही मिळाली.

कुतूहल: मान्य, पण तिथे गुन्हेगार मेंदूबाहेर आहे आणि ओळखीचाही. आणि नॅटालिझुमॅब विसरलात? मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये, म्हणजे रोगप्रतिकारक पेशी मेंदूतल्या नसांच्या आवरणावर हल्ला करतात त्या आजारात, टी-पेशी या पांढऱ्या पेशींना मेंदूत शिरू न देणारं औषध. २००४ मध्ये आलं, पीएमएल या मेंदूच्या जीवघेण्या संसर्गामुळे २००५ मध्ये बाजारातून काढलं. पहारेकरी हटवले की असंच होणार.

साशंक: अर्धीच गोष्ट सांगताय. २००६ मध्ये ते अटींसह परत आलं. आता आधी रक्तात पीएमएल घडवणाऱ्या जेसी विषाणूविरुद्धच्या अँटीबॉडी तपासून जोखीम ठरवतात. आणि नॅटालिझुमॅब पहारा अडवतं, एएल-००२ पहारेकऱ्यांना चेतवतं. एकाचा धोका दुसऱ्याच्या माथी कसा मारता?

कुतूहल: बरं, तो मुद्दा सोडला. पण ट्रेम-२ ची पुढची चाचणी लक्षणं दिसण्याआधीच्या लोकांवर होणार असेल तरच तिच्यात अर्थ आहे. अजून काहीच न विसरलेल्या माणसाला वर्षानुवर्षं शिरेतून औषध घ्यायला राजी कोण करणार, तेही सांगा.